शून्यरावांचा व्ह्यू पॉइंट

‘शून्य’ म्हटल्यावर छाती फुगवणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो लांब पल्ल्याची बस चालवतो. यात्रा कंपनीच्या ऑफिसात, मालकांच्या खुर्चीमागे, एक पांढरा फळा आहे. त्यावर सगळ्या ड्रायव्हरांची नावं आणि प्रत्येकापुढे एक आकडा: परदेशात गाडी किती वेळा बंद पडली. कुणापुढे चार, कुणापुढे सात, एका बिचाऱ्यापुढे चक्क अकरा. आणि एका नावापुढे अठ्ठावीस वर्षं तोच आकडा, शून्य. म्हणून ते शून्यराव, आणि अकरावाला अकरा. दोघांची खरी नावं पगाराच्या दिवशी तेवढी बाहेर निघतात.

आता अठ्ठावीस वर्षांत गाडी एकदाही बंद पडली नाही, हे कुणाला पटेल का? मालकांना पटलं होतं. त्यांनी तसं माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत छापलंसुद्धा होतं. खरी गोष्ट एवढीच, की शून्यरावांची गाडी चारचौघांच्या गाडीइतकीच बंद पडायची. फरक होता तो पिवळ्या फॉर्मचा. गाडी बंद पडली की ड्रायव्हरने पिवळा बिघाड फॉर्म भरायचा, असा कंपनीचा नियम. फॉर्म नाही, तर बिघाड नाही. शून्यराव गाडीखाली शिरायचे, स्वतःच्या हाताने दुरुस्ती करायचे, साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे आणि इस्त्रीचा शर्ट घालून पुन्हा स्टिअरिंगवर बसायचे. फॉर्मचं पुस्तक जसंच्या तसं कोरं.

मग तासभर प्रवाशांचं काय करायचं? तर त्यावरही शून्यरावांनी तोडगा काढला होता. गाडी जिथे बंद पडेल तो व्ह्यू पॉइंट. पैसे भरून सहलीला निघालेला माणूस भलताच भाविक असतो. गाडी थांबली आणि कुणी ‘डावीकडे बघा’ म्हणालं, की डावीकडे काहीतरी बघण्यासारखं असणारच, अशी त्याची पक्की खात्री. शून्यरावांच्या प्रवाशांनी आजवर सिमेंटचा कारखाना, मोडक्या ट्रॅक्टरांचं आवार आणि एका परक्या माणसाचं वाळत घातलेलं कपड्यांचं पूर्ण धुणं अशा नामांकित स्थळांसमोर फोटो काढले होते, आणि एकानेही तक्रार केलेली नव्हती.

पुढच्या महिन्यात शून्यराव साठीचे होणार होते. साठीनंतर परदेशात गाडी चालवता येत नाही. पण कंपनीने नव्या ड्रायव्हरांना शिकवण्यासाठी एक प्रशिक्षक नेमायचं ठरवलं होतं. ऑफिसात पंख्याखाली खुर्ची, हाताखाली फळा-खडू आणि सगळ्यांनी ‘सर’ म्हणायचं. खुर्चीवर दोघांचा डोळा होता, शून्यरावांचा आणि अकराचा. मालकांनी साफ सांगितलं होतं, “ही शेवटची फेरी शून्यावर पूर्ण करा, खुर्ची तुमची. नाहीतर अकराला बसवतो.” त्यामुळे या फेरीत शून्यराव गाडी हाकत नव्हते, दुधाने काठोकाठ भरलेलं पातेलं दोन्ही हातांनी घेऊन चालले होते म्हणा ना.

या फेरीला आणखी एक ओझं होतं. त्यांची बायको बरोबर होती. मालकांनी मनाचा फार मोठेपणा दाखवून तिला एक सीट फुकट दिली होती. ती विकली गेली नव्हती, हा निव्वळ योगायोग. सीट ड्रायव्हरच्या बरोबर मागची. अठ्ठावीस वर्षं जी घरी राहिली, ती एकदम मानेमागे येऊन बसली.

तिच्या मनात एक जुनी अढी होती, आणि ती तिने कधी लपवलीही नव्हती. शून्यराव परदेशातून घरी फोन करायचे, आधी पेट्रोलपंपावरून, पुढे मोबाईलवरून. बहुतेक वेळा एकच निरोप: उशीर होईल. का? तर इथे काय सुंदर तळं लागलंय म्हणून सांगू! काय ती दरी, काय तो समुद्र! इकडे तिने एका हातात मुलीचं तापाचं औषध आणि दुसऱ्या हातात गळक्या छताखालची बादली धरलेली असायची. “तुम्हाला काय, तुम्ही बघा तळी!” असं म्हणून ती फोन ठेवायची. हे वाक्य त्या घरात इतक्या वेळा बोललं गेलं, की मुलगी लहानपणी बाहुलीच्या खेळण्यातल्या फोनवरसुद्धा तेच म्हणायची.

पहिल्या चार दिवसांत बायकोने बरंच काही पाहिलं आणि अवाक्षर काढलं नाही. हॉटेलात ड्रायव्हरची खोली कपडे धुण्याच्या यंत्रांशेजारी असते, हे तिने पाहिलं. खिडकी उघडली की समोर जनरेटर.

“इथून समुद्र दिसायचा ना?” तिने पहिल्या दिवशी विचारलं.

“या वेळी खोली बदललीय त्यांनी.”

दुसऱ्या हॉटेलात खिडकीच नव्हती. तिथे तिने काही विचारलं नाही. शून्यरावांना त्या न विचारण्याचीच जास्त धास्ती वाटली.

पाचव्या दिवशी, दुपारचे बारा वाजायच्या सुमाराला, सपाट रस्त्यावर उष्णतेचा काटा वर सरकायला लागला. शून्यरावांनी एकदा काट्याकडे बघितलं, एकदा आरशात. मागे बायको त्यांच्याच खांद्यावरून काट्याकडे बघत होती. काटा लाल पट्ट्याला टेकला, मागून गरम रबराचा वास आला, आणि शून्यरावांनी तोंडावरची सुरकुतीही न हलवता गाडी रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत घेतली. मग डॅशबोर्डवर बोटाने दोनदा टकटक केलं.

ही खूण गाईडबाईंना पाठ होती. बाई पंचेचाळिशीच्या, अकरा वर्षं शून्यरावांबरोबर काढलेल्या, त्या देशाची भाषा फाडफाड बोलणाऱ्या. त्या उठल्या, खांद्यावरचा छोटा लाऊडस्पीकर चालू केला आणि माईक तोंडाशी धरला.

“मंडळी, आता आपण आलोय एका खास जागी. फार कमी लोकांना ही माहीत आहे. सगळ्यांनी पुढच्या दाराने उतरायचं, रस्त्यापासून लांब, त्या कुंपणापाशी उभं राहायचं. मागे कुणी जायचं नाही.”

“मागे वाफ दिसतेय,” मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं.

“एसीची आहे,” शून्यराव म्हणाले. “थंड हवा बाहेर गेली की असं होतं.”

खास जागेत पुढील गोष्टी होत्या: गंजक्या पत्र्याचं एक धान्याचं गोदाम, चार पायांवर उभी एक पाण्याची टाकी, कापणी झालेलं शेत, जुन्या टायरांचा ढीग आणि त्यावर बसलेलं एक कुत्रं. अडतीस प्रवाशांनी मोबाईल काढले.

टिकआजोबा मात्र जागचे हलले नाहीत. हे निवृत्त ग्रंथपाल. कार्यक्रमपत्रिका प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून गळ्यात अडकवलेली, आणि पाहिलेल्या प्रत्येक स्थळावर हिरव्या पेनाने टिक. “हे पत्रिकेत नाही,” ते म्हणाले.

“म्हणून तर खास,” गाईडबाई म्हणाल्या.

आजोबांनी क्षणभर विचार केला. मग पत्रिकेच्या तळाशी ‘पाण्याची टाकी व परिसर’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि त्याच्यापुढे टिक मारली.

शून्यराव मागे गेले. इंजिनाचं झाकण उघडलं, तर रेडिएटरकडे जाणारा जाड रबरी पाईप क्लॅम्पच्या तोंडाशी चिरला होता आणि पाणी रस्त्यावर सांडून गेलं होतं. दुखणं जीवघेणं नव्हतं. चिरलेला दोन बोटं भाग कापायचा, उरलेला पाईप ओढून बसवायचा, क्लॅम्प आवळायचा, पाणी भरायचं. पण इंजिन निवेपर्यंत हात लावणं शक्य नव्हतं, म्हणजे अर्धा तास तो आणि वर अर्धा तास कामाचा. त्यांनी इस्त्रीचा शर्ट काढून त्याची नीट घडी घातली, जुना अंगरखा चढवला आणि रस्त्यावर पुठ्ठा टाकून गाडीखाली सरकले. हे सगळं ते इतक्या सराईतपणे करत होते, की पाहणाऱ्याला वाटावं, रोज आंघोळीनंतर हेच करतात.

तेवढ्यात मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. पोलीस.

गाईडबाई धावत गेल्या. बरंच बोलणं झालं. मग त्या गाडीच्या मागे येऊन खाली वाकल्या.

“शून्यराव, घोटाळा झालाय. मी म्हटलं, दृश्य बघायला थांबलोय. तर तो म्हणतो, इथे दृश्य बघायला थांबणं गुन्हा आहे. आणि कसलं दृश्य, हेही विचारतोय. त्याचं गाव इथेच आहे, त्याला काही माहीत नाही.”

“मग?”

“इथे फक्त बंद पडलेली गाडी थांबू शकते. तसं असेल तर गाडीमागे ठेवायचा इशाऱ्याचा लाल त्रिकोण कुठे आहे, म्हणतो. नसेल तर टोइंगची गाडी बोलावणार.”

टोइंगची गाडी म्हणजे पावती, पावती म्हणजे ऑफिस, ऑफिस म्हणजे फळा. शून्यरावांच्या तोंडचं पाणी पळालं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तोंडाने कबुली दिली, तीही दुसऱ्याच्या तोंडाने. “सांगा त्याला, बंद पडलीय. त्रिकोण डाव्या कप्प्यात आहे.”

त्रिकोण मिळाला. अठ्ठावीस वर्षं प्लॅस्टिकच्या वेष्टनात होता. नवरीच्या शालूलाही कुणी इतकं जपलं नसेल. पोलिसाने स्वतः वेष्टन फोडून तो गाडीमागे पन्नास पावलांवर उभा केला. ताबडतोब चार प्रवासी त्रिकोणाकडे निघाले, कारण जिथे खूण तिथे दृश्य सर्वात चांगलं दिसणार, हे उघडच होतं. गाईडबाईंना त्यांच्यामागे पळावं लागलं, पोलिसाला गाईडबाईंमागे, आणि मग कागद बघू, परवाने बघू, असं सगळं सुरू झालं. माईक लाऊडस्पीकरसकट कुंपणाच्या खांबावर लटकत राहिला.

इकडे प्रवाशांचं टाकी बघून झालं होतं. कुत्र्याचेही फोटो काढून झाले होते. टिकआजोबांनी टाकीत पाणी किती मावत असेल याचा अंदाज मोठ्याने बांधून पाहिला, पण चर्चेने पेट घेतला नाही. दोघंतिघं कंटाळून गाडीच्या मागच्या बाजूला वळली. गाडीखालून शून्यरावांना त्यांचे बूट जवळ येताना दिसत होते. संपलं, त्यांच्या मनात आलं. खुर्ची गेली, पंखा गेला, ‘सर’ गेलं.

आणि माईकमधून खरखर झाली.

“ऐका हं सगळे,” बायकोचा आवाज आला. घरात भाजी आणायला पाठवताना असायचा, तसाच. “ही टाकी दिसते ना, तिच्यामागे, त्या झाडांच्या पलीकडे, एक तळं आहे. आपल्याला इथून दिसत नाही. ह्यांनी पाहिलंय.”

बूट थांबले, आणि परत वळले.

“पाणी इतकं स्थिर, की वरून ढग चालला की खालूनही ढग चालतो. काठावर एक पांढरा पक्षी एका पायावर उभा असतो. आपण खोकलो तरी तो उडत नाही. पलीकडच्या काठाला एक होडी उलटी घालून ठेवलीय, तिचा निळा रंग उडालाय.”

शून्यरावांच्या हातातला पाना थांबला. तो पक्षी त्यांचा होता. ती उलटी होडीही त्यांचीच. एकवीस वर्षांपूर्वी अशाच एका रस्त्यावर, तेलाने माखल्या हाताने फोन धरून, त्यांनी ती त्या घटकेला रचली होती. होडी निळी होती हे ते स्वतः विसरून गेले होते.

“हे मला त्यांनी फोनवर सांगितलं होतं,” बायको बोलतच होती. “त्या दिवशी आमची मुलगी पहिल्यांदा चालली. मी सांगायला फोन घेतला, तर हे आधीच पक्ष्याबद्दल बोलायला लागले. मग माझं सांगायचं राहूनच गेलं. आणखी एक दरी आहे. ती इथे नाही, लांब आहे. तिथे पांढरी फुलं इतकी असतात, की पाय ठेवायला जागा नाही. सासूबाईंना ऑपरेशनला आत नेलं होतं, मी बाहेर बाकावर बसले होते, तेव्हा ती दरी मी ऐकली.”

कुंपणापाशी अडतीस माणसं पाण्याच्या टाकीकडे टक लावून बघत होती आणि त्यांना एक दरी दिसत होती. गाडीखाली शून्यरावांना काहीच दिसत नव्हतं. डोळ्यांत तेल गेलं असावं. त्यांना स्वतःची एवढी लाज जन्मात वाटली नव्हती.

थोड्या वेळाने गाडीच्या कडेला ओळखीच्या चपला आल्या. बायको दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन खाली बसली.

“पाणी लागेल ना? सगळ्यांच्या बाटल्या गोळा करून आणल्या. सांगितलं, ऊन लागलेलं पाणी पिऊ नका, हॉटेलात ताजं मिळेल. किती लागतं?”

“पंधरा लिटर तरी.” ते बाहेर सरकले. तोंड काळं, कोपरापर्यंत काळं. तिने त्यांना या अवतारात कधीच बघितलं नव्हतं. घरी ते नेहमी साबणाचा वास घेऊन यायचे.

“एक विचारू?”

“विचार.”

“ते तळं होतं का?”

शून्यरावांनी थाप मारायला तोंड उघडलं, अगदी सवयीने. पण थाप मारायला समोरचं माणूस जरा लांब लागतं. ही वीतभर अंतरावर होती, हातात पाण्याची बाटली धरून.

“रेडिएटर होता,” ते म्हणाले. “फुटला होता.”

“आणि फुलांची दरी?”

“क्लच प्लेट.”

“दरी नव्हतीच?”

“मी गाडीखाली होतो गं. असेलही.”

ती एकेक बाटली उघडून त्यांच्या हातात देत राहिली, आणि ते नरसाळ्यातून पाणी ओतत राहिले.

“त्या दरीवरून मी तुमच्याशी अकरा दिवस बोलले नव्हते,” ती शेवटी म्हणाली.

“लक्षात आहे.”

“आणि तुम्ही अकरा दिवस तसंच राहू दिलंत! एका शब्दाने सांगायचं होतंत, गाडी बंद पडली म्हणून.”

“काय सांगणार? अकराची बायको खालच्या मजल्यावर राहते. तू जिन्यात बोलली असतीस तर दुसऱ्या दिवशी फळ्यावर आकडा आला असता. आणि तू तिकडे काळजी करत बसली असतीस.”

“बसले असते की! बायको आहे मी तुमची. काळजी करायला मला चाललं असतं हो. मी इतकी वर्षं बसून नुसता हेवा केला. रस्त्यावर पुठ्ठा टाकून पडलेल्या माणसाचा हेवा केला मी.” आता तिचा आवाज चढला होता आणि डोळेही भरले होते. “आणि ती होडी! ती होडी बघायची म्हणून मी ही सीट मागून घेतली. कळतंय का तुम्हाला?”

शून्यरावांना कळत होतं. त्यांनी झाकण घट्ट लावलं.

गाडी सुरू झाली तेव्हा प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या, दृश्यासाठी. पोलीसही जाताना एकदा थांबून टाकीकडे नीट बघून गेला. जन्म गेला त्याचा इथे, पण आज प्रथमच बघत होता. टिकआजोबांनी पत्रिकेच्या तळाशी ‘तळे (दिसत नाही)’ अशी भर घातली आणि त्यावर दोन टिका मारल्या.

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत मालकांचा फोन आला. या खोलीला खिडकी होती, समोर भिंत होती.

“काय शून्यराव? मोहीम फत्ते ना? उद्या सीमा ओलांडली की मी खुर्चीला नवं कव्हर घालून घेतो.”

बायको पलंगाच्या कडेला बसून त्यांचा कोपर रॉकेलच्या बोळ्याने पुसत होती. तिने वर पाहिलं नाही. पुसायची थांबलीही नाही.

“साहेब, गाडी बंद पडली होती,” शून्यराव म्हणाले. “दुपारी. तासभर.”

मालकांनी घाईने विचारलं, “फॉर्म भरलात?”

“नाही अजून.”

“मग बंद पडली नाही. तुम्ही दमलाय. माहितीपत्रकं छापून झालीत, शून्यराव! पाच हजार!”

“फॉर्म आज भरतो.”

“खुर्ची अकराला जाईल हं.”

“जाऊ दे. तो चांगलं शिकवेल. त्याला अकरा प्रकार तरी माहीत आहेत, आणि तो ते सांगतो.”

फोन ठेवल्यावर त्यांना आपण काय करून बसलो हे कळलं. मग त्यांनी बॅगेतून पिवळं पुस्तक काढलं. अठ्ठावीस वर्षांत पानांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या आणि पहिलं पान दुसऱ्याला चिकटलं होतं. तारीख, जागा, बिघाडाचं कारण असं सगळं त्यांनी भरलं. शेवटी एक रकाना होता: ‘यापूर्वीचे बिघाड.’ त्याला तीन ओळी होत्या. तिथे त्यांनी एक आडवी रेघ मारायला पेन टेकवलं.

“थांबा,” बायको म्हणाली. बोळा बाजूला ठेवून ती शेजारी सरकली. “मुलगी चालली तो दिवस. सोमवार होता, पंधरा तारीख. तळं.”

शून्यरावांनी लिहिलं: रेडिएटर.

“सासूबाईंचं ऑपरेशन. तारीख मी सांगते. फुलांची दरी.”

क्लच प्लेट.

“छत गळलं, मी बादल्या लावत होते, तेव्हा तुम्हाला समुद्रात सूर्य बुडताना दिसत होता.”

“डायनॅमोचा पट्टा.”

“तेच लिहा.” तिला एकही दिवस आठवावा लागत नव्हता. प्रत्येक दिवशी ती वाट बघत होती, तिला ते पाठच होते. “पुढे, माझा पाय मोडला तेव्हा. बर्फाचे डोंगर होते.”

“ओळी संपल्या गं,” शून्यराव म्हणाले.

तिने त्यांच्या हाताखालून फॉर्म ओढला, उलटा केला आणि पुन्हा त्यांच्यासमोर ठेवला.

“मागची बाजू कोरी आहे,” ती म्हणाली. “लिहा.”